गंधक : आजचा उगम, ग्राह्यता आणि औषधशाळेतील सुरक्षितता

प्रस्तावना

रसशास्त्रात पारदाच्या खालोखाल ज्या द्रव्याचे स्थान आहे, ते गंधक होय. कज्जली, पर्पटीकल्प, रससिंदूर, आरोग्यवर्धिनी, सूतशेखर, गंधक रसायन, गंधकाचे मलहर असे कितीतरी कल्प त्यावाचून सिद्ध होत नाहीत. असे असूनही या द्रव्याच्या खरेदीकडे, साठवणीकडे आणि अग्निसंस्काराकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. त्याचे एक कारण उघड आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील अनुसूची 'इ (१)' मध्ये पारद, हिंगुळ, हरताळ, मनःशिला, तुत्थ ही द्रव्ये विषारी म्हणून नोंदलेली आहेत. गंधक त्या यादीत नाही. यादीत नाही म्हणून निर्धास्त राहण्याची सवय पडली आणि पारदाला कुलूप, तर गंधकाला उघडे पोते अशी स्थिती अनेक औषधशाळांत निर्माण झाली.

प्रस्तुत लेखात आपल्या हाती येणारा गंधक आज कोठून येतो, त्याचे कोणते प्रकार औषधास ग्राह्य व कोणते त्याज्य आहेत आणि तो हाताळताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार आम्ही केला आहे. गोंदिया जिल्ह्यातील परिस्थिती विशेषत्वाने नजरेसमोर ठेवली आहे.

ग्रंथोक्त गंधक आणि आजचा गंधक

रसरत्नसमुच्चयादी ग्रंथांनी गंधकाची गणना उपरसांत केली असून वर्णभेदाने त्याचे प्रकार सांगितले आहेत. चिकित्सेत पीतवर्ण आमलसार गंधक वापरण्याचा प्रघात आहे. शिलाचूर्ण आणि विष असे त्याचे दोन दोष मानले गेले व त्यांच्या निवारणासाठी घृतात वितळवून वस्त्रातून दुधात गाळण्याची शोधनपद्धती रूढ झाली. ज्या काळी ही पद्धत सिद्ध झाली, त्या काळी गंधक ज्वालामुखीच्या परिसरातून, उष्ण झऱ्यांच्या काठावरून किंवा खाणीतून येत असे. त्यात माती, खडे, क्वचित सोमलासारखी अशुद्धी असणे स्वाभाविक होते. वस्त्रगालनाने खडे-माती वर राहावी, ही योजना अतिशय समर्पक होती.

आज मात्र गंधकाचा उगमच बदललेला आहे. एकोणिसाव्या शतकात जगाला गंधक पुरविणारा प्रमुख प्रदेश सिसिली हा होता. १८९४ मध्ये हर्मन फ्राश यांनी अमेरिकेतील लुइझियाना येथे अतितप्त पाणी भूगर्भात सोडून गंधक जागीच वितळविण्याची व संपीडित हवेच्या साह्याने वर आणण्याची पद्धत यशस्वी केली आणि सिसिलीचे वर्चस्व संपले. पुढे शतकभर ही पद्धत चालली. अमेरिकेतील अशा प्रकारची शेवटची खाण २००० साली बंद झाली.

सध्या जगातील मूलद्रव्यरूप गंधकाचा फार मोठा भाग खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या शुद्धीकरणातून उपउत्पादन म्हणून मिळतो. तेलातील गंधक प्रथम हायड्रोजनच्या साह्याने हायड्रोजन सल्फाइड या वायूच्या रूपात वेगळा काढतात. त्या वायूचा एकतृतीयांश भाग भट्टीत जाळून सल्फर डायऑक्साइड तयार करतात आणि उरलेल्या वायूशी उत्प्रेरकाच्या सान्निध्यात त्याचा संयोग घडवितात. या क्रियेतून गंधक व पाणी निर्माण होते. कार्ल क्लाउस यांनी १८८३ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीचे हे सुधारलेले रूप आहे. मिळालेला द्रव गंधक सुमारे १३५ ते १४० अंश सेल्सिअसला साठवितात व नंतर थंड करून पापुद्रे, गोळ्या किंवा ढेपा बनवितात.

आपल्या राज्यात मुंबईच्या माहुल परिसरात १९५४ व १९५५ साली सुरू झालेले दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांच्याकडे आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ इंधन लागू झाले आणि पेट्रोल-डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. वाहनाच्या धुरातून जो गंधक हवेत जात असे, तो आता शुद्धीकरण कारखान्यात पिवळ्या घनरूपात जमा होतो. तोच व्यापाऱ्यांच्या साखळीतून आपल्या बरणीपर्यंत पोहोचतो.

हा गंधक बहुधा ९९.५ टक्क्यांहून अधिक शुद्ध असतो. त्यात खडे नसतात. परंतु तेलाचे अत्यल्प अंश आणि विरघळलेला हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. म्हणजे दोषाचे स्वरूप बदलले आहे. शोधनाची आवश्यकता यामुळे कमी होत नाही. मात्र वस्त्रावर काहीच उरले नाही म्हणून गंधक निर्दोष होता, असा निष्कर्ष आज काढता येणार नाही.

उद्योगातील उपयोग

उत्पादित गंधकाचा बहुतांश भाग गंधकाम्ल तयार करण्यासाठी खर्च होतो आणि त्या आम्लाचा सर्वांत मोठा ग्राहक फॉस्फेटयुक्त खतांचा उद्योग आहे. याखेरीज रबराचे व्हल्कनीकरण, आगकाड्या, शोभेची दारू, रंगद्रव्ये, तसेच साखर कारखान्यात उसाच्या रसाची शुद्धी व विरंजन यांसाठी गंधक लागतो. शेतीत त्याचे दोन उपयोग आहेत : जमिनीतील कमतरता भरून काढणारे खत म्हणून आणि भुरी रोगावरील बुरशीनाशक म्हणून. औषधनिर्मितीचा वाटा या सर्वांपुढे नगण्य आहे. त्यामुळे बाजारात येणारा गंधक आपल्यासाठी बनविलेला नसतो, हे खरेदीच्या वेळी कायम लक्षात ठेवले पाहिजे.

गोंदियाच्या बाजारातील धोका

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गावोगावी कृषी सेवा केंद्रे आहेत आणि तेथे गंधक सहज व स्वस्त मिळतो. काष्ठौषधींच्या दुकानात माल संपला, नागपूरहून येण्यास उशीर होणार असला, की शेजारच्या कृषी केंद्रातून पिशवी आणण्याचा मोह होतो. येथेच मोठी चूक घडते.

कृषी केंद्रात मिळणारा गंधक मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिला, ९० टक्के गंधक असलेल्या खताच्या गोळ्या. उरलेला भाग बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीचा असतो. दुसरा, ८० टक्के गंधक असलेली पाण्यात मिसळणारी भुकटी किंवा दाणे. यातील उर्वरित भागात आर्द्रक व विसरणकारक रसायने असतात. पहिला खत नियंत्रण आदेशाखाली व दुसरा कीटकनाशक कायद्याखाली विकला जातो. दोन्ही शेतीसाठी योग्य आहेत. औषधासाठी दोन्ही सर्वथा त्याज्य आहेत.

याविषयी आमचाच अनुभव नमूद करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या औषधशाळेत गंधक शोधनास घेतला असता वस्त्रावर राखाडी रंगाचा चिकट गाळ बराच उरला. ग्रंथात सांगितलेला शिलाचूर्ण दोष प्रत्यक्ष दिसला, असे समजून आम्ही समाधान मानले. दुसऱ्या खेपेसही तसेच झाले, तेव्हा पोते तपासले. ते खताचे होते. सहायकाने काटकसर म्हणून ते आणले होते आणि आम्ही आवक तपासली नव्हती. तो दोष खाणीचा नव्हता, आमच्या खरेदीचा होता. सुदैवाने त्यापासून कोणताही कल्प तयार झालेला नव्हता. सर्व माल बाजूला काढला. भुकटीचा प्रकार असता, तर गाळ इतका स्पष्ट दिसलाही नसता.

हा भेद ओळखण्याची अगदी सोपी परीक्षा आहे. काचेच्या पेल्यात साधे पाणी घेऊन त्यावर चिमूटभर बारीक चूर्ण टाकावे. शुद्ध गंधक पाण्याने भिजत नाही. त्याचे चूर्ण पृष्ठभागावर तरंगत राहते व पाणी स्वच्छ असते. विसरणकारक द्रव्य असलेली भुकटी तत्काळ पसरून पाणी दुधासारखे करते. खताची गोळी पाण्यात ठेवल्यास हळूहळू फुगून विस्कटते व खाली गाळ बसतो. याशिवाय थोडा गंधक ऊर्ध्वपातित पाण्यात हलवून त्यात निळा लिटमस कागद बुडवावा. कागद लाल झाल्यास त्या मालात आम्लता आली आहे, म्हणजे तो दमट जागी पडून राहिला आहे, असे समजावे. या परीक्षा प्राथमिक आहेत. पुरवठादाराकडून शुद्धता, राख, आम्लता व सोमल यांचा उल्लेख असलेले विश्लेषण प्रमाणपत्र घेणे आणि आयुर्वेदिक फार्माकोपियातील मानकांशी ते ताडून पाहणे हाच खरा मार्ग आहे.

अग्निसंस्कार आणि तापमान

गंधक सुमारे ११५ ते ११९ अंश सेल्सिअसला वितळून पातळ, पारदर्शक, मधासारख्या पिवळ्या रंगाचा द्रव बनतो. उष्णता वाढवीत गेल्यास सुमारे १६० अंशांला तो एकाएकी दाट व तांबूस-तपकिरी होऊ लागतो. या अवस्थेतील गंधक वस्त्रातून नीट गळत नाही. तो गळावा म्हणून आच वाढविणे हा अज्ञानमूलक उपाय होय, कारण १७० ते २१० अंशांच्या दरम्यान त्याच्या वाफा ठिणगीने पेट घेऊ शकतात आणि सुमारे २३० ते २६० अंशांला द्रव गंधक ठिणगीवाचूनही पेटू शकतो. पर्पटीनिर्मितीत मृदू व मध्य पाक ग्राह्य आणि खर पाक त्याज्य मानण्यामागे जी दृष्टी आहे, तीच येथे लागू करावी. रंग तांबूस होऊ लागणे ही आच तत्काळ कमी करण्याची सूचना आहे.

घृतासह तापविताना आणखी एक गोष्ट घडते. उच्च तापमानाला गंधक आणि स्नेहद्रव्ये यांच्या संयोगातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याचा वास सडलेल्या अंड्यासारखा असतो. हा वास आला की पाक बिघडत आहे, असे समजून आच बंद करावी व खोलीबाहेर जावे. वास नाहीसा झाला म्हणजे वायू गेला, असे मात्र कदापि समजू नये. दशलक्ष भागांत सुमारे शंभर भाग प्रमाण झाल्यावर घ्राणेंद्रियच बधिर होते आणि धोका वाढत असताना वास येईनासा होतो.

म्हणून शोधनासाठी १२० ते १३० अंशांची मर्यादा पाळावी. उघड्या ज्वाळेऐवजी वाळूवर किंवा तापनियंत्रक असलेल्या विद्युत शेगडीवर पात्र ठेवावे आणि तापमापक वापरावा. एका वेळी अल्प प्रमाण घ्यावे. दुधाचे पात्र रुंद असावे व ते अर्ध्याहून अधिक भरू नये, म्हणजे तप्त द्रव उडणार नाही.

धूर किती घातक, याचे गणित

गंधक जळाल्यावर त्याच्या दुप्पट वजनाचा सल्फर डायऑक्साइड तयार होतो. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत कामाच्या ठिकाणी या वायूची आठ तासांची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत २ भाग ठरविण्यात आली होती. आपल्याकडील नेहमीची दहा फूट रुंद, बारा फूट लांब व दहा फूट उंच खोली घेऊ. तिचे आकारमान सुमारे ३४ घनमीटर भरते. अशा बंद खोलीत केवळ एकदशांश ग्रॅम गंधक जळाला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. पाच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी गंधक जळाल्यास वायूचे प्रमाण शंभर भागांच्या वर जाते व ते जीवितास तत्काळ धोकादायक मानले जाते. शंभर ग्रॅमचा घाण पेटला, तर हे प्रमाण दोन हजारांच्या पुढे जाईल.

हा वायू हवेहून दुपटीहून अधिक जड असल्याने खाली साचतो. छताजवळचा झरोका त्यास पुरेसा नसतो. जमिनीलगतही हवा बाहेर जाण्याची सोय हवी. तमकश्वासाच्या रुग्णास अल्प प्रमाणानेही वेग येऊ शकतो. यास्तव ज्याला श्वासाचा त्रास आहे, अशा सहायकास या कामावर ठेवू नये. रससिंदूरासारख्या कूपीपक्व कल्पात कूपीच्या मुखाशी गंधक जळतो व सोबत पारदाची वाफही असू शकते. ती भट्टी वस्तीपासून दूर, धुराडे असलेल्या उघड्या शेडमध्येच असावी. कापडी किंवा धुळीसाठीचा मुखवटा वायू अडवीत नाही. आम्लवायूंसाठीचे कार्ट्रिज असलेला मुखवटा घ्यावा.

मोठ्या प्रमाणावर काय घडू शकते, याचे उदाहरण इराकमधील मिश्राक येथे दिसले. तेथील गंधकाचे साठे जून २००३ मध्ये पेटले आणि जवळजवळ महिनाभर जळत राहिले. २०१६ मध्ये तेथे पुन्हा आग लागली. आपला साठा त्यापुढे कणभर असला, तरी वायूचा गुणधर्म तोच आहे.

चूर्ण आणि साठवण

विजेवर चालणाऱ्या पल्व्हरायझरमध्ये कोरडा गंधक दळणे ही अत्यंत धोकादायक रीत आहे. गंधकाची धूळ हवेत पसरून तिचे प्रमाण घनमीटरला सुमारे ३५ ग्रॅम झाले, तर ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. गंधक विजेचा दुर्वाहक असल्याने घर्षणाने त्यावर स्थिर विद्युतभार साचतो व ठिणगी त्यातूनच निर्माण होऊ शकते. मालात चुकून आलेला एखादा खिळाही त्यास पुरेसा होतो. म्हणून गंधकाचे मर्दन खल्वातच, अल्प प्रमाणात व शक्य तेथे भावनाद्रव्याने ओले करून करावे.

साठवणीत सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे सोरा व गंधक एका खोलीत ठेवू नये. श्वेतपर्पटीसाठी आपण सोरा बाळगतो, भट्टीसाठी कोळसा बाळगतो आणि गंधक तर असतोच. ही तीन द्रव्ये एकत्र आली की ती बंदुकीची दारू होय. एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या फुटक्या पिशव्या किंवा दोन्हींसाठी वापरलेला एकच चमचा अनर्थास कारण होऊ शकतो. पोटॅशियम परमँगनेट व ब्लीचिंग पावडर यांनाही हाच नियम लागू आहे. गोवऱ्या, धानाचा भुसा, तेल व घृत यांचा साठाही गंधकापासून दूर असावा. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली भयंकर उष्णता साचते. गंधक त्याने आपोआप पेटत नसला, तरी विजेच्या जुन्या तारा व कोरडा भुसा पेटण्यास ती साह्यभूत होते. पावसाळ्यात दमटपणामुळे आम्लता येऊन लोखंडी डबे गंजतात. झाकण घट्ट बसणारे पात्र, कोरडी जागा आणि पात्रावर नाव, खेप क्रमांक व 'ज्वालाग्राही' अशी स्पष्ट सूचना असावी.

आग व प्राथमिक उपचार

गंधकाची ज्योत फिकट निळी असते व भर उन्हात ती दिसत नाही. हे आम्ही पुस्तकात वाचले होते, पण शिकलो एका दुर्घटनेतून. एका दुपारी अंगणात शोधन चालू असता कढईतील गंधक पेटला. सहायकास ज्योत दिसली नाही, फक्त धूर दिसला. त्याने घाईने तांब्याभर पाणी ओतले. पाण्याची एकदम वाफ होऊन जळता गंधक व घृत उसळले आणि त्याचा हात भाजला. जखम बरी झाली, परंतु खोकला त्यास पुढे कित्येक दिवस त्रास देत होता. कढईशेजारी एक झाकण ठेवलेले असते, तर हे टळले असते. ते ठेवणे आमचे काम होते.

पात्रातील आगीवर घट्ट बसणारे धातूचे झाकण टाकावे व आच बंद करावी. सांडलेल्या गंधकावर कोरडी वाळू टाकावी. घन साठा पेटल्यास पाण्याचा बारीक फवारा उपयोगी पडतो. जोराचा झोत मारल्यास धूळ उडून आग पसरते.

तप्त गंधकाने भाजल्यास भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. त्वचेस चिकटलेला गंधक ओढून काढू नये. डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे. धूर श्वासात गेलेल्या व्यक्तीस मोकळ्या हवेत बसते करावे. फुप्फुसात पाणी साचण्याचा उपद्रव काही तासांनीही उद्भवू शकतो. म्हणून बरे वाटले तरी तिला घरी न पाठविता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जवळच्या सुसज्ज रुग्णालयात न्यावे. हायड्रोजन सल्फाइडने कोणी बेशुद्ध पडल्यास श्वसनसाधनाशिवाय त्या खोलीत शिरू नये. वाचविणाराही तेथेच कोसळतो.

उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश पुढीलप्रमाणे :

१. विश्लेषण प्रमाणपत्राशिवाय गंधक घेऊ नये. कृषी केंद्रातील गंधक औषधात कदापि वापरू नये.
२. प्रत्येक खेपेची पाण्यावरील परीक्षा करून नोंदवहीत नोंद करावी.
३. शोधन १२० ते १३० अंशांत, तापमापक लावून, मोकळ्या हवेत करावे.
४. रंग तांबूस झाल्यास किंवा सडक्या अंड्याचा वास आल्यास काम थांबवावे.
५. कोरडा गंधक यंत्रात दळू नये.
६. सोरा, कोळसा व गंधक वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत.
७. भट्टीशेजारी झाकण व वाळूची बादली ठेवल्यावाचून अग्नी पेटवू नये.

अनुसूची 'टी' अन्वये उत्तम निर्मिती पद्धतीची जी अपेक्षा आपल्याकडून केली जाते, तिचा हेतू कागदपत्रांपुरता नाही. औषध घेणारा रुग्ण आणि औषध घडविणारा सहायक या दोघांचेही दायित्व वैद्यावर आहे. हा अंक हाती पडल्यावर सर्व वैद्यबंधू-भगिनींनी व औषधशाळाचालकांनी आपले भांडार एकदा स्वतः उघडून पाहावे आणि गंधकाच्या पोत्यावर काय छापले आहे व त्याच्या शेजारी काय ठेवले आहे, याची खात्री करून घ्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.